कडावचा केरू

कर्जतला उतरून रिक्षात बसताना लायदीला बजावलं होतं, बारशाला चाललोय, पोटभर खा, पण फोटो विचारून काढ. लायदी माझी चिनी मैत्रीण. ठाण्याला माझ्याच ऑफिसात असते, हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते. बारसं माझ्या मामेबहिणीच्या, शुभांगीच्या मुलाचं. आधीची दोन बाळं तान्ही असतानाच गेली होती. हा तिसरा तरी जगू दे, एवढंच सगळ्यांच्या मनात.

कडावला भातकापणी उरकली होती. अंगणात उडवी (भाताच्या पेंढ्यांची रास), पडवीत सजवलेला पाळणा. पण पाळणा रिकामा! बाळ शोधत घरामागे गेले, तर शुभांगीच्या सासूबाई, काशीबाई, बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवत होत्या. माशा घोंगावत होत्या.

"अहो, हे काय करताय?"

"टाकलाय त्याला," काशीबाई शांतपणे म्हणाल्या. "आता शेजारीन उचलंल, मग तिच्याकडून आमी मूठभर कोंड्याला परत घ्यायचा. नाव केरू. केराला कोन नजर लावतंय?"

शुभांगी मागच्या दारात डोळे पुसत उभी. तिला आरव ठेवायचं होतं. माझं तर डोकंच फिरलं. पाहुणीसमोर ही शोभा! शरमेनं मी लायदीला सगळा प्रकार हिंदीत सांगितला.

ती मुळी दचकलीच नाही. तिच्या आजीचीही मुलं जगत नव्हती. म्हणून वडलांचं नाव ठेवलं कौशंग, म्हणजे कुत्र्यानंही न खाता टाकलेलं. शाळेतलं नाव भारदस्त, पण हाक आजही हीच. सत्तरी उलटली तरी गडी ठणठणीत. मी लगेच शुभांगीला हे सांगितलं, तशी ती कोंडा घेऊन पुढे झाली आणि शेजारणीच्या हातातून बाळ घेतलं.

"केरूच ठेवा," ती म्हणाली. "शाळेत आरव घालू."

चहा फिरला. काशीबाईंनी सहज लायदीच्या नावाचा अर्थ विचारला. दोन वर्षं शेजारी बसून मला हे कधी सुचलं नव्हतं. नाव गोड वाटायचं, बस्स.

"ये, धाकट्या भावा," ती म्हणाली. "मी तिसरी मुलगी."

ज्याला केर म्हटलं तो जिवापाड हवा होता, आणि हिच्या एवढ्या गोड नावात ही कुठे नव्हतीच! मग भाऊ आला का, काशीबाईंनी विचारलं. लायदीनं नुसती मान हलवली. नाही.

काशीबाईंनी कप खाली ठेवला.

"चल गं पोरी. माज्या पोराला, ह्याच्या बापाला, बहीन नाय. आत्या तू, नाव तू ठेव."

लायदीनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाधप बुक्के घातले. ती हसत होती आणि रडतही होती.

परतताना रिक्षात, मांडीवर घुगऱ्यांची पुडी घेऊन, तिनं वडलांना फोन लावला. त्या चिनी बोलण्यातलं मला तिचं नाव आणि केरू एवढंच कळलं. काय सांगितलंस, मी विचारलं.

"भाऊ आला म्हणून सांगितलं."