दाते मोजणारीची वही

पाहुण्यांसमोर सरांनी माझ्या हातातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, “हे कापड नाही. तू माती धू.”

पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

काल्हेरच्या एका गोदामात मी जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या सरांसाठी काम करायचे. विदर्भातून डायनासोरच्या काळातली माती गोण्या भरून यायची. ती भिजवायची, चाळायची, उरलेल्या खड्यांतून दात वेचायचे. तांदळाएवढे दात. मी बी.एस्सी. झालेली. तिथे माझं नाव ‘माती धुणारी’.

भिंग आईचं. टेमघरला लूमवर ती कापड तपासते, इंचातले धागे मोजते. तीच सवय मला. म्हणून दातांच्या कडेवरचे करवतीसारखे दाते मी मोजायला लागले. सर म्हणत, हे मोठ्या डायनासोरच्या पिल्लांचे दात. पण पिल्लांचे दाते बारीक आणि दाट असतात. यांचे जाड, विरळ. पुढची कड तर सगळ्यांची गुळगुळीत. प्रत्येक दात तीनदा मोजला, वहीत लिहिला. हे पिल्लू नव्हतंच. हा वेगळाच छोटा शिकारी डायनासोर होता. तेच मी पाहुण्यांसमोर बोलले, एवढाच माझा गुन्हा.

नंतर सरांनी ‘बघतो’ म्हणून वहीच्या काही पानांचे फोटो काढून नेले. दोन महिन्यांनी भरल्या सभागृहात त्यांनी नवा डायनासोर जाहीर केला. पडद्यावर माझे आकडे. आभारात ‘माती धुणाऱ्या भगिनी’. मला उठून बोलायचं होतं. टाळ्या संपायच्या आत बाहेर पडले. घरी मोरीत बसून रडले. कोणाकडे जाणार? दात त्यांच्या कपाटात. मला तिथे कोण ओळखतं?

मग त्यांचा फोन. त्यांचा शोधनिबंध ज्या नियतकालिकाकडे गेला होता, त्याच्या संपादकांनी प्रत्येक दाताची मूळ मोजणी मागितली होती. “वही उद्या आणून दे. नाहीतर कामावर येऊ नकोस.”

आई शेजारीच होती. म्हणाली, “मोजलं कोनी? तूच ना? मंग न्हाय द्यायची.”

मी फोनवरच सांगितलं, “सर, निबंधावर माझं नाव घाला. तोवर वही मिळणार नाही.”

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वॉचमनने मला गेटवरच अडवलं. आईचं भिंग आतच राहिलं. दुसरं काम नाही, मिळेल की नाही तेही माहीत नाही.

वही माझ्याकडे आहे. ज्या संपादकांनी मोजणी मागितली, त्यांनाच मी पत्र लिहिते आहे, प्रत्येक पानाच्या प्रतीसकट. खाली माझं पूर्ण नाव. हा प्राणी मी ओळखला. तसं छापून येईपर्यंत मी गप्प बसणार नाही.