बाप्पाखालचा काळा पॅड

दोन वर्षांपूर्वी मी गावदेवीला नवस बोलले: 'बाळकुमचा गाळा आमच्याकडे राहू दे, गाड्यांचे सगळे पॅड मी माझ्या हाताने धुवीन.' त्या गाळ्यात आमच्या ह्यांचं कार डिटेलिंगचं दुकान आहे. गाळा पाटीलशेठचा. शेठनी सांगून ठेवलेलं, "गणपतीला माझी काळी गाडी आरशासारखी करून द्या. मग पुढल्या वर्षाचं बघू."

नवस फळल्यावर फेडतात, पण मी आधीच फेडायला घेतला. देवीलाही जरा भीड पडावी, नाही का? हे म्हणाले, "नवस तुझा, राबणार तू, फायदा माझा. असेच बोलत जा."

तेव्हापासून किस्से साबणाच्या फेसासारखे वर येतायत. एक पुसावा तर दुसरा तयार.

आता पॅड म्हणजे काय, तर मशीनला लावायची फोमची गोल चकती. तिने गाडीवर पॉलिश घासायचं. चकतीत कचरा राहिला की रंगावर गोल गोल ओरखडे पडतात. म्हणून धुणं महत्त्वाचं.

*

पहिल्याच दिवशी मी पॅड उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवले. कळकट पंचे असेच निघतात ना! पॅड लख्ख निघाले, फक्त मागचं चिकटवलेलं वेल्क्रो सैल झालं, ते काही मला दिसलं नाही. ह्यांनी मशीन सुरू केलं मात्र, चकती सुटली ती थेट समोरच्या टेलरच्या दुकानात. तिथे पुतळ्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

हे धावत गेले. टेलर पुतळ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "साइज बरोबर आहे. कलर दुसरा दाखवा."

*

मग मी शिकेकाईवर आले. पैठणीला जे चालतं ते फोमला का चालू नये? कोमट पाणी, शिकेकाई, हलक्या हाताने चोळायचं, पिळायचं नाही. पॅड असे मऊ झाले की काय सांगू.

एक गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, बॉनेट हुंगलं आणि म्हणालं, "हा आंघोळीचा वास कसला?"

हे गडबडले. "हर्बल पॅकेज आहे, साहेब."

"मग मागच्या वेळी का नाही दिलंत?"

*

पॅड वाळायला गॅलरीत, ताटांवर. एका संकष्टीला डोंबिवलीहून नलूमावशी आली. माझा उपास, तिचा नाही. गॅलरीतले पिवळे पॅड बघून तिचे डोळे चमकले. बोटाने दाबून बघितलं.

"अगं, काय जाळी पडलीय ढोकळ्याला! सोडा किती घातलास?"

मी आतून ओरडले, "सोडा बंद केला, मावशी. आता शिकेकाई घालते."

मावशी त्या दिवशी नुसत्या चहावर गेली. आजही आमच्याकडे काही पिवळं खात नाही.

*

आणि मग आला गणपतीचा दिवस. शेठची गाडी दुकानात उभी होती, नुसता शेवटचा हात बाकी. त्याला लागतो सगळ्यात मऊ, काळा पॅड. तो एकच होता, रात्री मीच धुऊन गॅलरीत ठेवलेला. पूजा आटोपून हे निघाले तर पॅड गायब! घर पालथं घातलं. सणाचा दिवस, दुसरा आणायचा कुठून?

आरतीला निरांजन खाली ठेवताना मला चौरंगाच्या पायाखाली काहीतरी काळं दिसलं.

"आप्पा, हे काय?"

सासरे म्हणाले, "चौरंग डुगडुगत होता, सूनबाई. तू शिकेकाईने धुतेस म्हणजे सोवळ्यातलंच की."

मूर्ती बसलेली. दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही. आणि शेठना संध्याकाळी त्याच गाडीतून लेकीच्या सासरी जायचं होतं. तेवढ्यात तेच दर्शनाला दारात.

"गाडी झाली?"

हे भिंतीकडे बघायला लागले. मला देवी आठवली, गाळा आठवला. म्हटलं, खरं सांगून टाकावं. "शेठ, पॅड बाप्पाखाली आहे."

शेठ गुडघ्यावर बसले, वाकून बघितलं, हात जोडले. "मंग बाप्पा उठल्याबिगर गाडी कशी उठंल, वहिनी?" मोदक खाल्ला आणि रिक्षाने गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, बाप्पाला निरोप दिला आणि त्याच पॅडने ह्यांनी शेवटचा हात मारला. शेठनी बॉनेटमध्ये बघून आधी मिशी सारखी केली, मग टोपी.

"गाळा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "पण दर साली माझी गाडी ह्याच पॅडनं. आन् त्याला आधी दीड दिस तिथंच ठेवायचा."

तेव्हा तुमचाही चौरंग डुगडुगत असेल, तर ठेवून बघा ना एखादा पॅड. तेवढा आधी शिकेकाईने धुऊन घ्या.