लेकरू आणणारीला विचारा

देवकाबाई गेल्याचं त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं. बाहेर ओपीडीची रांग, आणि ती म्हणत होती, "मॅडम, आई सकाळी चहा मांडता मांडताच गेली..." मी रांग संपवली आणि औषधांच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. आता महिना होत आला. एका परिचर बाईसाठी डॉक्टरीणबाई एवढ्या हळहळतात कशाला, असं लोक विचारतात. त्यांना सांगायलाच हवं की आमच्या आरोग्य केंद्रात तरुण मुली येऊ लागल्या त्या माझ्यामुळे नाहीत.

नागपूरहून अर्जुनी मोरगाव तालुक्यात आले तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. बाई डॉक्टर आली म्हणजे मुली आपोआप येणार! व्हरांड्यातली पुढची खोली रंगवून घेतली, दारावर मोठ्या अक्षरांत 'किशोरींसाठी' अशी पाटी लावली. समोर बसथांबा, शेजारी पानठेला. दोन महिने तिथे चिटपाखरूही फिरकलं नाही. "या मुलींना जाणीवच नाही," असं मी चिडून म्हणाले तेव्हा देवकाबाई फरशी पुसत होत्या. माहेर दवनीवाड्याचं, जीभ सडेतोड. "जाणीव हाये जी," त्या म्हणाल्या, "पन त्या दारात पाय ठेवला का पानठेल्यावर तिचीच गोष्ट चालून राहते. कायले येईन कोनी?" मला राग आला. पाटी काही मी काढली नाही.

लसीकरणाच्या एका दिवशी एक मुलगी भाच्याला काखेत घेऊन आली. बाळ ठणठणीत. घरी ने म्हटलं. पुढच्या वेळी ती पुन्हा हजर, त्याच्या पुढच्याही वेळी. मग मात्र मी खेकसले, "याला काही झालेलं नाही, रांग कशाला वाढवतेस?" ती बाळाला घेऊन उठली. देवकाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लेकरू बरं हाये, मॅडम. लेकरू आननारीले विचारा." बाळ त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस तिला रक्तस्राव होत होता. धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीतल्या चिखलात चक्कर येऊन पडली होती, पण लग्न ठरलेलं, म्हणून घरी अवाक्षर नाही. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. गोंदियाला पाठवून रक्त चढवावं लागलं, तेव्हा कुठे वाचली. आणि तिला मी दोनदा परत पाठवलं होतं... ही लाज मला अजून सलते. भाच्याला घेऊन ये, लसीच्या दिवशी लेकरू नेणाऱ्या पोरीला कोणी विचारत नाही, हे देवकाबाईंनीच तिला शिकवलं होतं.

त्याच दिवशी पाटी उतरवली. मुलींची खोली लसीकरणाच्या खोलीमागे नेली. केसपेपरच्या खिडकीवर चारचौघांत "काय त्रास आहे?" असं ओरडून विचारणं बंद केलं. मग गावोगावचे उसने भाचे येऊ लागले! एका गुबगुबीत भाच्याला तर महिन्यात चार वेगवेगळ्या आत्यांनी आणलं. देवकाबाई त्याला बाहेर मुरमुरे चारत बसायच्या.

त्या गेल्यावर माझी धास्ती एकच होती. मुली आरोग्य केंद्रात येत होत्या, की देवकाबाईंकडे? सलग तीन लसीकरणं झाली, मागची खोली रिकामीच राहिली. काय खोटं बोलू, मी घाबरले होते.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. मान खाली घालून बसली. "देवकामाय कुठी हाये?"

"गेल्या गं त्या... तीन आठवडे झाले."

पदराशी चाळा करावा तशी ती ओढणीचं टोक पिळत राहिली. आता ही उठणार, असं मला वाटलं. भिंतीशी देवकाबाईंचा लाकडी पाट अजून तसाच होता. मुलींशी बोलताना त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. मान खाली घातलेल्या पोरीचा चेहरा पाहायचा तर आपण तिच्याहून खाली बसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी खुर्ची सोडली, पाट ओढला आणि बसले. गुडघे कुरकुरले.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग तुमालेच सांगतो," ती म्हणाली.