डायलिसिसवाल्या ताई आणि तापलेला प्रोसेसर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंना अख्खी गल्ली ‘डायलिसिसवाल्या’ म्हणते. तीस वर्षं त्यांनी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं सांभाळली, निवृत्त झाल्या आणि लोकांचे कॉम्प्युटर उघडत सुटल्या. जीभ अशी की त्यांचे यजमान रोज माझ्याकडे पेपर वाचायला येतात, ते पेपरासाठी नव्हे, शांततेसाठी. हे त्यांच्या कानावर घालू नका.

परवा दुपारी समोरच्या इमारतीतल्या सुनेचा त्यांना फोन आला. मुलांपायी आठ वर्षं घरी बसलेली पोरगी. आता कार्टूनपट करणाऱ्या एका कंपनीनं तिच्याकडे तीन मिनिटांचा नमुना मागितला होता, पाचच्या आत. चित्रं तयार होती, पण त्यांची फिल्म करायला घेतली की कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद! ताई निघाल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी त्यांची पिशवी उचलली.

कॉम्प्युटर जोडला होता सुनेच्या दिरानं. पाण्यानं थंड होणारा. प्रोसेसरच्या डोक्यावर छोटा पंप, तिथून दोन नळ्या रेडिएटरकडे, आणि काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांचा थाट.

“प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट तीनदा बदलली, ताई,” दीर म्हणाला. “प्रोसेसरच गेलाय. नवा आणू या.”

“ताप आलेल्या माणसालाही तू तीनदा पावडरच लावतोस का रे?”

ताईंनी मशीन सुरू करून पेटीची काच काढली आणि बोटांची मागची बाजू दोन्ही नळ्यांना लावली. “ही पोळतेय, ही गारढोण.”

“म्हणजे थंड होतंय ना?”

“कसलं थंड! पाणी फिरत असेल तर दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. इथं पाणी हलतच नाहीये.” मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानाला लावली. भिंतीपलीकडचं भांडण ऐकताना माझा जसा होतो, तसाच चेहरा. “गुडगुडतंय. पंपात हवा अडकलीय.”

“पण हे सीलबंद असतं!”

“सीलबंद असलं तरी थोडी हवा राहतेच, आणि ती वर चढते. तुझ्या पेटीत वर काय? पंप! रेडिएटर तळाला कशाला बसवलास?”

सून हळूच मला म्हणाली, “नळ्यांची कमान छान दिसते म्हणाले भावजी.”

ताईंनी स्क्रू सोडले, रेडिएटर वर, पेटीच्या छताला बसवला. मग पंप चालू ठेवून दिराला पेटी हळूहळू इकडे-तिकडे कलवायला लावली, तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तशी. दोन-तीनदा गुडगुड झाली, आणि थांबली. चार वाजायला पाच मिनिटं होती.

“किती वेळ लागतो फिल्मला?”

“पाऊण तास.”

“मग बघत काय बसलीस? लाव.”

पाऊण तास ताई फरशीवर बसून, दोन्ही नळ्या नाडी धरावी तशा धरून होत्या. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “तुम्ही गप्प बसा हो, पंप ऐकू येत नाही.” दिराला मात्र म्हणाल्या, “नळ्या वाकवल्यास सुरेख. एकही चेपली नाहीस.” पोरगं लाजून लाल.

फिल्म पूर्ण झाली. सुनेनं ती कंपनीच्या ईमेलला जोडली आणि पाठवायच्या बटणावर बोट तसंच अधांतरी धरून बसली.

“ताई, त्यांना आवडली नाही तर?”

“ते माझ्याकडून दुरुस्त होत नाही,” ताई म्हणाल्या. “दाब.”

तिनं दाबलं.