थरथर गाडीची की हाताची

लोक त्यांना सांभाळूनकाका म्हणत. घरसामान हलवायच्या पिकअपवर त्यांचा जन्म गेला होता, आणि कुणी कपाटाला हात घातला की काकांच्या तोंडून पहिला शब्द यायचा, ‘सांभाळून’. उशी उचलली तरी ते तेच म्हणाले असते.

बायको गेली आणि काही दिवसांतच गाडीला थरथर लागली. पन्नासपर्यंत गाडी म्हणजे गरीब गाय. काटा साठला टेकला की बुडाखालून बारीक कंप यायचा, पाठीतून खांद्यात, तिथून स्टिअरिंगवरच्या हातांत. सत्तरला पुन्हा सगळं शांत.

काकांनी हे लेकीला फोनवर सांगितलं, तिथेच चुकलं.

“गाडी थरथरते की तुमचे हात, बाबा?” ती म्हणाली. “मागे चहा सांडलात तेव्हा मी समोरच होते. विकून टाका ती गाडी आणि इकडे या राहायला. मागची खोली रिकामीच आहे.”

चहा सांडला तो कप पोळला म्हणून. पण हे लेकीला कोण पटवणार? काकांनी मनाशी ठरवून टाकलं. थरथर गाडीची निघाली तर किल्ली आपल्याकडे, हातांची निघाली तर गपगुमान लेकीच्या घरी. रोज सकाळी दाढी झाली की ते दोन्ही हात आरशासमोर धरून बघत. कधी स्थिर वाटत, कधी नाही, आणि विचारायला घरात कोणी नव्हतं.

मिस्त्री त्यांच्या जुन्या ओळखीचा. त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला चालवायला लावायचं आणि आपण शेजारी डोळे मिटून बसायचं. “स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर मागचा शाफ्ट,” एवढं बोलून त्याने डोळे मिटले. गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर काकांनी साठ गाठले.

“मला तर काहीच लागत नाही, काका.”

काकांनाही काही लागलं नव्हतं. गाडीने ऐन वेळी दगा दिला. मिस्त्रीला गॅरेजवर उतरवून ते घरी निघाले, तर साठला थरथर हजर.

मिस्त्रीने भिडेखातर चाकं बॅलन्स केली, पुढचे टायर मागे घातले, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलला. दर वेळी दोघांनी चक्कर मारली की गाडी लोण्यासारखी, आणि काका एकटे निघाले की पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रीने चिंधीला हात पुसत हळूच विचारलं, “घरी एकटेच असता ना हल्ली?”

काकांचं डोकंच फिरलं. “एकटा आहे म्हणून साठलाच थरथरेन होय? मग पन्नासला का नाही?”

मुद्दा बिनतोड होता. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि मागे सामानाच्या हौद्यात चढला. “तुम्ही चालवा. मी इथून शाफ्टचा आवाज ऐकतो.”

या वेळी साठला थरथर आली. मागच्या काचेवर टकटक झाली. “खाली काही नाही,” मिस्त्री ओरडला. “तुमच्या शेजारी बघा.”

सीटचं रिकामं टोक उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं नाचत होतं.

काकांनी गाडी कडेला घेतली. जुन्या गाडीची सीट सलग, या दारापासून त्या दारापर्यंत. मिस्त्रीने त्या टोकाचं पायपुसणं उचललं. खालच्या पत्र्यात सीट धरून ठेवणारा बोल्टच नव्हता आणि भोकात गंज भरला होता.

“हा आज पडलेला नाही, काका. कैक वर्षं झाली असतील. कुणी बसलं की सीट दाबून राहते, रिकामी असली की नाचते. मी शहाणा दर वेळी इथेच बसत होतो. इथे कोण बसायचं?”

“ही बसायची.”

हमाल मागे सामानाजवळ, आणि ती शेजारी. पत्ता विचारायला, गेटवरच्या माणसाशी भांडायला आणि परतताना घोरायला. “तू उतरलीस की गाडी वीतभर वर येते,” असं काका तिला चिडवत. ती म्हणे, “मी बसते म्हणून तर तुमची गाडी जमिनीवर आहे.” यावर ते दर वेळी हसले होते. आता भर रस्त्यात त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मिस्त्रीने हौद्यातला पाना शोधायला बराच वेळ लावला.

गॅरेजवर बोल्ट बसला. घरी जाताना काकांनी मुद्दाम साठ गाठले. सीट दगडासारखी घट्ट होती. हातही स्थिर होते. शेजारी फक्त मोकळं रेक्झिन होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. “गाडीचीच होती. सीटचा बोल्ट.”

“सुटले बाई एकदाची. जिवाला घोर लागला होता, बाबा. मग चालवा आता निवांत.” ती लगेच पुढे म्हणाली, “तर मग मागच्या खोलीत आमच्या धाकट्याचं टेबल टाकते. अभ्यासाला कधीची मागतोय.”

त्या खोलीत आपली खाट खिडकीशी लावायची, हे काकांनी मनातल्या मनात कधीच पक्कं केलं होतं. ते त्यांना आत्ता कळलं.

“टाक ना,” ते म्हणाले. “दारातून आडवं घ्या टेबल. पाय लागतील चौकटीला. सांभाळून.”