धाकटीचं घर कुणाच्या नावावर?

माझी धाकटी बहीण आता चाळिशीकडे झुकलीय, पण समज लहान मुलीएवढीच. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालते; व्यवहार आणि सही मात्र तिच्या आवाक्याबाहेर. आई गेल्यावर कोपरगावच्या घरात ती आणि अण्णा दोघंच उरले. अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. बायपास झाल्यावर त्यांनी मला नगरहून आणि दादाला पुण्याहून बोलावून घेतलं.

"मृत्युपत्र करतोय. मी घेतलेलं शेत तुम्हा दोघांना. घराचं काय करायचं, बोला."

"माझ्या नावावर करा. तिला मी पुण्याला नेतो, सांभाळतो," दादा लगेच म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती, असं मला आजही वाटतं.

धाकटी दारात उभी होती. "मी नाही जाणार. तिथं लिफ्ट आहे," म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सोपं करून सांगितलं. मृत्युपत्रानं घर थेट धाकटीला दिलं, तर ते साधं भाड्यानं द्यायचं म्हटलं तरी कुणाला तरी कोर्टातून तिचं पालकत्व घ्यावं लागेल. दादाला दिलं, तर ते दादाचं. पुढे त्याच्या मुलांचं. तिसरा मार्ग ट्रस्टचा.

"ट्रस्ट देवळाचा असतो," अण्णा म्हणाले. "नाहीतर शाळेचा."

"घरच्या माणसासाठीही करता येतो, काका. घर विश्वस्तांच्या ताब्यात राहतं, उपयोग मात्र तिच्यासाठीच."

"म्हणजे मी माझ्याच घरात पाहुणा?"

वकीलबाई हसल्या. "पहिले विश्वस्त तुम्हीच. तुमचा राहण्याचा हक्कही लिहू. पण मृत्युपत्र मनात येईल तेव्हा बदलता येतं, याचं तसं नाही. एकदा दिलं की दिलं. घाई करू नका."

बाहेर रस्त्यावर येताच दादा उसळला. "सरळ सांगा ना, माझ्यावर भरवसा नाही!"

"तुझ्यावर आहे रे," अण्णा म्हणाले. "पण तू तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. तुझ्यामागं तिनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

दादा न जेवताच पुण्याला गेला. पुढे बरेच दिवस अण्णांचा फोनही घेत नव्हता. अण्णांनी ते मनाला लावून घेतलं, पण ट्रस्टचं नक्की केलं. विश्वस्त म्हणून मी आणि शेजारच्या काकू तयार झालो. काकू म्हणाल्या, "कागदाचं मला काय कळतंय? पर पोरीकडं बघायचं आसंल तर सही करते."

नोंदणीची तारीख मी दादाला कळवली. तो आदल्या दिवशीच आला आणि अण्णांना म्हणाला, "माझंही नाव घाला." धाकटी आहे तोवर घर विकायचं नाही, ही अट त्यानंच पुन्हा वाचून घेतली. शेताचं मृत्युपत्रही त्याच दिवशी झालं.

अण्णा गेल्यावर दादाच्या मेव्हण्यानं एक गिऱ्हाईक आणलं. जागेवर दुकानं काढायची होती. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला.

"मी सांगितलं, घर माझं नाही, ट्रस्टचं आहे." मग म्हणाला, "बरं झालं गं. माझं असतं तर रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं."

धाकटी त्याच घरात आहे. वरच्या मजल्यावर एक नर्स भाड्यानं राहते, तिच्याशी तिचं चांगलं जमतं. काकू आता थकल्यात. त्यांच्या जागी कोण, हे यंदा ठरवायचंय.