साडूच्या दारातली गाडी

माझा मामा काचा पोचवायचा. खिडक्यांच्या, शोकेसच्या, मोठमोठ्या टेबलांच्या काचा. त्यासाठी त्याच्याकडे एक जुनी पिकअप होती आणि तिला मामाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात कधी लागला नव्हता. ऑइल बदलायचं असो, ब्रेक बसवायचे असोत की क्लचप्लेट टाकायची असो, सगळं घरामागच्या फरशीवर पोतं अंथरून. सुट्टीच्या दिवशी कुणी भेटायला आलं की मामी म्हणायची, "आहेत ना घरात. ते बघा, पाय दिसतायत."

पुढे धंदा वाढला. एवढ्या महागाच्या काचा असल्या खटाऱ्यातून नकोत, असं दुकानदार तोंडावर म्हणायला लागले. मामाने हप्त्यावर नवी कोरी पिकअप घेतली आणि जुनी आपल्या साडूला विकली. साडूची रोपवाटिका होती, म्हणून सगळे त्याला कुंडीवाले म्हणायचे. माणूस सरळ, पण हाताने अगदी ढ. नळाचं वायसर बदलायलासुद्धा मामाला बोलवायचा. किल्ली देताना मामा म्हणाला, "काही झालं तर मला हाक मारा, साडूभाऊ. तुमच्याच्याने काही व्हायचं नाही."

नव्या गाडीचा पहिला झटका दिव्याने दिला. पुढचा एक दिवा गेला. मामाने पाना घेऊन बोनेट उघडलं, तर खाली इंजिन दिसेचना. दिसलं ते एक भलंमोठं काळं झाकण. दिव्याच्या मागे हात घालायला जागा नाही, बंपर उतरवल्याशिवाय दिवा निघत नाही. अर्धा दिवस खपून बंपर उतरवला, तेव्हा कळलं की आतला बल्ब वेगळा मिळतच नाही, अख्खा दिवाच घ्यावा लागतो. त्याची किंमत ऐकून मामा दुकानातल्या स्टुलावर बसला. तेवढ्या पैशांत जुन्या पिकअपला चारही टायर नवे आले असते.

मग बॅटरी. ती मात्र मामाने स्वतः बदललीच. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचा वर जाईनात आणि समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं नाचायला लागली. सर्व्हिस सेंटरमधल्या काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, नवी बॅटरी बसवली की कॉम्प्युटर लावून गाडीला तिची ओळख करून द्यावी लागते."

"बॅटरी बसवलीय की सोयरीक जुळवलीय?" मामा म्हणाला. पण पैसे भरले. आत काय करतात ते बघायला निघाला, तर जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी अडवलं. गिऱ्हाइकाने काचेच्या अलीकडे बसायचं.

इकडे कुंडीवाल्यांचं भलतंच चाललेलं. सुरुवातीला ते उठसूट फोन करायचे. "साडूभाऊ, हा नट कुठल्या बाजूला फिरवू?" हळूहळू फोन कमी झाले. एकदा मामा-मामी तिकडे गेले, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले आणि शीळ ऐकू येत होती. कुंडीवाले बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे होऊन, लग्नातल्या नवऱ्यासारखे हसत.

"ब्रेक बसवले! स्वतः!"

परतताना मामी म्हणाली, "भाऊजींचं कौतुक वाटतं हो. सगळं घरच्या घरी करतात."

जी गाडी मामाने विकून टाकली होती, तीच आता डोळ्यांत सलू लागली. कुंडीवाल्यांच्या नखांतलं काळं बघितलं, की तो स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचा. ते मात्र स्वच्छ, साबणाचा वास येणारे, एखाद्या कारकुनासारखे.

अशातच कुंडीवाल्यांचा फोन आला. गाडी सुरूच होत नव्हती, नुसतं टक टक वाजत होतं. मामाला ऐकताक्षणी कळलं. बॅटरीची अर्थची वायर सैल झाली असणार, तिला ती खोडच होती. पण तोंडातून निघालं भलतंच.

"इंजिन बसलं साडूभाऊ. खोलावं लागेल. असं करा, मलाच परत देऊन टाका. घेतलेले पैसे परत करतो."

"बघतो," म्हणाले कुंडीवाले.

संध्याकाळी ते गाडी चालवतच दारात हजर. "अर्थची वायर हो! तुमच्याही लक्षात आलं नाही!" मामाने कसनुसं हसून दाखवलं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्या ईर्ष्येनेच तो पुढची चूक करून बसला. नव्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. मामाने बिघाड वाचायचं यंत्र विकत आणलं, त्याने सांगितलेला सेन्सर विकत आणला, बसवला. दिवा विझला, पुन्हा लागला. मग त्याने वायरींचा जोड उघडून पुसला आणि परत लावला. "बघ, गेला दिवा," मामीला बोलावून दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात मागे काचा उभ्या करून तो चढ चढत होता आणि गाडीतली सगळी ताकदच गेली. मुंगीच्या चालीने कशीबशी कडेला आली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मदतीला धावून आले ते कुंडीवालेच, जुनी पिकअप घेऊन. आधी काचा तिच्यात चढवल्या, दुकानात उतरवल्या, मग येऊन दोर बांधला आणि नव्या गाडीला ओढत नेलं. मामा नुसतं स्टिअरिंग धरून मागे बसला होता. पुढे त्याचीच गाडी चढ चढत होती, इंजिनाचा आवाज असा एकसारखा, की कान देऊन ऐकलं तरी खोट सापडेना.

सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक म्हणाला, "जोड नीट बसलेला नाही, आत पाणी गेलंय. अख्खं वायरिंग बदलावं लागेल. घरी कुणी उघडलं होतं का? तसं असेल तर वॉरंटी नाही."

"छे," मामा म्हणाला.

कुंडीवाल्यांनी एकदा मामाकडे बघितलं आणि पंख्याकडे बघत राहिले. पण मेकॅनिकला पान्याचे ओरखडे दिसायचे ते दिसलेच. वॉरंटी गेली.

बाहेर आल्यावर कुंडीवाले म्हणाले, "त्या अर्थच्या वायरीचं तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मामाने हातातल्या बिलाची आणखी एक घडी घातली.

"मला वाटलंच होतं. पण बरं झालं. त्यामुळे मी शिकलो तरी."

चार शिव्या दिल्या असत्या तर मामाला सोसलं असतं. तरीही त्याने विचारलंच, "विकता का ती? सांगाल ती किंमत."

"मी विकीन हो," कुंडीवाले हसले, "पण आमच्या हिला कोण समजावणार? हल्ली ऑइल तीच बदलते."

मामाने नवी गाडी ठेवली. आता ठरल्या तारखेला ती निमूट सर्व्हिसला नेतो आणि काचेच्या अलीकडे बसतो. परवा मी त्याला आणायला गेले होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक दुसरा पिकअपवाला चहा पीत होता. त्याच्याकडे रोखून बघत मामा माझ्या कानात म्हणाला, "बघ, कसा निवांत बसलाय. वॉरंटी शिल्लक आहे लेकाची."